नाकातला पूर

मेजरीणबाई माणसाला आधी हुंगायच्या आणि मग 'ये' म्हणायच्या. हे मी गमतीनं लिहीत नाही. कोरेगावात त्यांच्या पिठाच्या गिरणीवर मुलींची अभ्यासिका होती आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून त्या सकाळी बसलेल्या असत. येणारी प्रत्येक मुलगी त्यांच्यासमोर क्षणभर थांबायची. बाई नाक किंचित वर करायच्या, डोळे बारीक करायच्या आणि निकाल द्यायच्या. डोक्याला चमेलीचं तेल असेल तर वर ओढणी घट्ट बांधून बसायचं. अंगावर स्प्रे मारलेला असेल तर आधी गच्चीत वाऱ्याला उभं राहून यायचं. आणि एखादी काही न खाताच आली असेल तर काही न विचारता खुर्चीखालच्या पिशवीतून तिला केळं मिळायचं. उपाशी तोंडाचा वास वेगळा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. उपाशी पोरीच्या डोक्यात राज्यघटना शिरत नाही, हेही त्यांचंच म्हणणं.

आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात, मग तो कुठल्याही हुद्द्यावरून निवृत्त झालेला असो. हे मेजर हवालदार होते. त्यांची बायको म्हणून बाई आपोआप मेजरीण झाल्या. मेजर तोफखान्यात असल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं आणि उरलंसुरलं ऐकणं गिरणीनं खाल्लं होतं, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं बाईंच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. अंगानं थोराड, नऊवारी पातळ, हातात हिरव्या बांगड्या. नाक मात्र अगदी साधं, बसकंच म्हणा. एवढी कीर्ती असलेलं नाक जरा तरतरीत तरी असेल, अशी माझी अपेक्षा होती. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण खुपसलेल्या नाकाचा समोरच्याला उपयोग झालेला फक्त या एका बाईच्या बाबतीत पाहिला.

मी मूळची सांगलीची. नदीकडच्या भागात, हळदीच्या गोदामामागच्या गल्लीत आमचं घर. कृष्णेला महापूर आला त्या वर्षी पाणी आमच्या माळ्याला टेकलं. आई, बाबा आणि मी आधीच उंचावरच्या नातेवाइकांकडे गेलो होतो, म्हणून जिवावरचं निभावलं. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर ते गाळानं आतून अडलेलं. मी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होते. जमवलेली सगळी पुस्तकं फुगून दुप्पट झाली होती आणि एकमेकांना चिकटून बसली होती. त्या दिवसापासून आम्ही किती गाळ उपसला आणि किती वेळा भिंती घासल्या, याला काही गणती नाही. सगळं शहर फिनेलनं धुतलं जात होतं. हळूहळू घर वाळलं, रंग लागला, शेजारीपाजारी सावरले. मी सावरले नाही.

माझं झालं असं की पुस्तक उघडलं की मला तो वास यायचा. नवंकोरं पुस्तक असलं तरी पावसाळी हवेनं पानं जरा दमट झाली की पुरे. वास आला की डोळे ओळींवरून पुढे जायचे आणि डोक्यात काही उतरायचं नाही. पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वर काय होतं ते गेलेलं असायचं. त्या वर्षीची परीक्षा मी अशीच घालवली. घरात तर उंबऱ्यातच वास यायचा. आई म्हणायची, अगं आता नाही वास. मी म्हणायची, आहे. शेवटी आईबाबांनी मला कोरेगावला मावशीकडे पाठवलं. पुढच्या परीक्षेला अजून अवकाश होता, ती जमली तर नोकरी होती, आणि मला एक पान सलग वाचता येत नव्हतं. मी तेव्हा नाकावर माशी बसू द्यायची नाही. 'अभ्यास कसा चाललाय' असं कुणी विचारलं तरी अंगावर जायची.

मेजरीणबाईंच्या अभ्यासिकेचं वेळापत्रक खाली गिरणीत काय दळलं जातंय यावर चालायचं. हे ऐकून मी पहिल्या दिवशी हसले होते. खाली गहू लागला असेल तर वर गणित घ्यायचं, कारण गव्हाच्या कोमट पिठाचा वास माणसाला शांत ठेवतो. ज्वारीला इतिहास. हरभऱ्याची डाळ दळायला आली की तोंडाला पाणी सुटतं आणि मन भज्यांकडे धावतं, म्हणून त्या वेळी फक्त उजळणी. दिवाळीच्या आधी भाजणी सुरू झाली की बाई पुस्तकं मिटायलाच लावायच्या. त्या खमंग वासात अभ्यास करते म्हणणारी मुलगी एक तर खोटं बोलते किंवा तिला सर्दी झालीय, असा त्यांचा निवाडा होता. आणि उन्हाळ्यात मिरची कांडप सुरू झालं की आमचं सगळं विद्यापीठ शिंकत शिंकत गच्चीवर जायचं. गंमत म्हणजे आम्ही या वेळापत्रकाला सरावलो. अजूनही कुठं गव्हाचं पीठ पडताना वास आला की मला शेकडेवारी आठवते.

याचं मूळ त्यांच्या फौजी संसारात होतं. बाई माहेरच्या म्हसवडकडच्या. लग्नानंतर मेजरांच्या बदल्यांबरोबर क्वार्टर बदलत देशभर हिंडल्या. दर बदलीला मुलांची शाळा बदलायची, भाषा बदलायची आणि दोन्ही पोरं पुस्तक पुढ्यात घेऊन नुसती भिंतीकडे बघत बसायची. बाईंकडे माहेरचं एक घोंगडं होतं. एकदा थंडी म्हणून त्यांनी ते पोरांच्या बुडाखाली अंथरलं आणि पोरं निमूट अभ्यासाला लागली. मग प्रत्येक नव्या क्वार्टरमध्ये सामान सोडायच्या आधी घोंगडं पसरायचं, असा नेमच झाला. "त्येला मेंढराचा वास यायचा. शेजारच्या पंजाबिणी नाक मुरडायच्या," त्या सांगायच्या. "पर पोरास्नी वाटायचं, आपण हाय तितंच हाय." त्यांचं सगळं शास्त्र या घोंगड्यातून निघालेलं होतं. जागा बदलली तरी वास तोच ठेवला की मन जागेवर येतं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

आता शास्त्र म्हटलं म्हणून सगळंच खरं मानायचं कारण नाही. वास आणि आठवण यांचं मेंदूत शेजारपण असतं, असं मी पुढे वाचलं, पण बाईंचे निम्मे सिद्धांत कुठल्याच शास्त्रानं पदरात घेतले नसते. दुपारी पेंग येते म्हणून त्यांनी एकदा प्रत्येकीच्या टेबलावर ठेचलेलं आलं ठेवलं. झोप गेली हे खरं, पण डोळ्यांची अशी आग झाली की त्या दुपारी कुणीच काही वाचलं नाही. खोटं बोलणाऱ्याच्या घामाला वेगळा वास येतो, असंही त्यांचं ठाम मत होतं. त्या मतापायी रहिमतपूरच्या एका गरीब मुलीला त्यांनी अभ्यासिकेची वर्गणी चोरल्याबद्दल फैलावर घेतलं आणि पैसे नंतर मेजरांच्या शर्टात सापडले. बाईंनी तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं आणि आठवडाभर स्वतःच्या हातचं जेवू घातलं. चुकलं तर चुकलं म्हणायला त्यांना वेळ लागायचा नाही. मोठ्या माणसांत हा गुण मला फार कमी दिसला आहे.

मुलींना त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. रहिमतपूर, वाठार, आर्वी. मी सांगली. माझ्याकडे त्यांचं लक्ष आहे, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एके दिवशी पाऊस लागून राहिला होता आणि मी खिडकीशी एक जुनं पुस्तक उघडून बसले होते. बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी पाहिलेलं त्यांनी सरळ सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानातून गरम कागद आणला की माझी मान खाली असते आणि कपाटातलं जुनं पुस्तक काढलं की मान खिडकीकडे जाते. मी काहीतरी उडवाउडवीचं बोलले. जुन्या पुस्तकांचे टाईप बारीक असतात वगैरे. त्यांनी पुस्तक उचललं, पानांत नाक घातलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुला अभ्यासाचा कटाळा न्हाई, सांगली," त्या म्हणाल्या. "तुज्या नाकात पूर हाय."

मला रडू फुटलं. इतके महिने मला लोक आळशी म्हणत होते, मनावर घे म्हणत होते, कुणी मोबाईल काढून घ्या म्हणत होते. मावशीनं तर दृष्टही काढली होती. पहिल्यांदा कुणीतरी मला काय होतंय ते एका वाक्यात सांगितलं होतं, आणि ते ऐकताना मला आधी लाज वाटली आणि मग फार हलकं वाटलं.

इलाज मात्र त्यांनी आधी चुकीचाच केला. वासाला वास मारतो, असं म्हणून त्यांनी दवण्याची जुडी आणली. माझ्या पुस्तकांत दवणा, टेबलावर दवणा, ओढणीच्या टोकाला गाठ मारून दवणा. वाचताना पुराचा वास आला की दवणा हुंगायचा. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग हळूहळू असं झालं की दवणा हुंगला की मला पूर आठवायला लागला. दोन्ही वास एकमेकांत असे मिसळले की आधी एका वासानं वाचता येत नव्हतं, आता दोन वासांनी येईना. एकदा बाजारात फुलवालीच्या पाटीशी दवणा दिसला आणि मी तोंड फिरवून उभी राहिले. मावशीच्या देवघरातून तिला दवणा काढून ठेवावा लागला. मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की चूक त्यांची आहे, आपण वासावर वास चढवला, खालचा तसाच राहिला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त गिरणीवालीच्याच डोक्यातून निघू शकतं. गिरणीत दळण घेऊन कुणी आलं की बाई डबा उघडून आधी धान्य हुंगायच्या. कीड असेल, रॉकेलचा हात लागला असेल, धान्य दमट असेल तर दळण घ्यायच्या नाहीत. 'निवडून आण' म्हणून परत पाठवायच्या. त्यांनी माझ्या आईला फोन करून भिजलेल्या पुस्तकांपैकी एखादं उरलंय का विचारलं. आईनं भूगोलाचं एक पुस्तक उन्हात वाळवून माळ्यावर ठेवलं होतं, ते बाबांनी आणून दिलं. फुगलेलं, पिवळट, कडा गाळानं कडक झालेल्या. बाईंनी ते एका सुपात ठेवलं, सूप माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाल्या, "निवड."

मला कळेचना. मी म्हणाले, काय निवडू, पुराचा वास येतोय. त्यावर त्यांनी सांगितलं की पुराचा वास असा काही वासच नसतो. पूर म्हणजे पाणी आणि पाण्याला वास नाही. पाण्यात काय काय भिजलं ते सांग. त्यांनी दुसरं सूप मांडीवर घेतलं आणि शेजारी बसून गहू निवडायला लागल्या. मला तिथून उठून जायचं होतं. पण बाई उठत नव्हत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या, म्हणून मी बसून राहिले.

मराठीत वासांना किती शब्द आहेत हे मी त्या दिवसांत शिकले. 'घाण' म्हटलेलं बाईंना चालायचं नाही. मातकट की चिखलट, कुबट की आंबूस, खवट की करपट, ते नेमकं सांगावं लागायचं. पहिल्या दिवशी मला मातकट सापडला. तो गाळाचा. दुसऱ्या वेळी कुबट, तो आमच्या कापसाच्या गाद्यांचा. त्या आम्ही दोघींनी ओढत रस्त्यावर टाकल्या होत्या, आईनं आणि मी. हे सांगताना मी पुस्तक मिटलं. बाई म्हणाल्या, बाजूला काढ, पुढचा बघ. मग आंबूस, तो ज्वारीच्या पोत्याचा. मग उग्र, तो गल्लीत बुडालेल्या टेम्पोच्या डिझेलचा. एक वास सापडला की त्याची गोष्ट बाईंना सांगायची, आणि मग त्या पुस्तकातला एकच परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. नशीब असं की पुस्तक उघडलं ते नेमकं कृष्णेच्या उपनद्यांच्या पानावर. मी त्या नदीवर इतकी चिडलेली होते की वेण्णा, उरमोडी, कोयना ही नावं मी शिव्या द्याव्यात तशी वाचली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, चला, पाठ तर झालं.

असे बरेच दिवस गेले. दळण न्यायला आलेल्या बायका जिन्यातून डोकावून बघायच्या की सुपात पुस्तक घेऊन ही सांगलीची पोरगी काय करतेय. मेजर एकदा वर आले, सुपातलं पुस्तक बघितलं, माझ्याकडे बघितलं, 'चालू द्या' अशी हाताची खूण करून खाली गेले. मग एका दुपारी मला त्या पुस्तकात आणखी एक वास लागला. तो वाईट नव्हता. कडसर, उबदार, मातीच्या अगदी जवळचा. ओळखायला मला वेळ लागला, कारण मी त्याला पुरात शोधत नव्हते. ती हळद होती. गोदामात पाणी शिरलं तेव्हा हळदीची पोती भिजून ते पाणी आमच्या गल्लीत पसरलं होतं.

बाईंचे हात सुपावर थांबले. "हळद कवापासनं हाय तुमच्या गल्लीत?"

मी म्हणाले, कायमचीच. माझ्या जन्माच्या आधीपासून. शाळेतून येताना वळणावर हळदीचा वास आला की घर आलं, असं असायचं.

"मंजी ह्यो पुराचा न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यो तुजा हाय. पाण्यात सापडला हुता, एवढंच."

मी तो परिच्छेद वाचला, त्याच्या पुढचा वाचला, मग पान उलटलं. खाली गिरणी थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी धडाच्या धडा संपवलाय आणि खिडकीकडे एकदाही बघितलेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी तो बाईंना नीट सांगूही शकले नाही. त्या निवडलेल्या गव्हाचा डबा उचलून खाली निघून गेल्या. पुढे मी सगळी पुस्तकं वाचू लागले, पावसाळी हवेत, दमट कागदावर, कशीही. वास यायचा नाही असं नाही. यायचा, पण आता तो एकदम अख्खा अंगावर यायचा नाही. हा गाळ, ही गादी, ही हळद, असे त्याचे तुकडे ओळखीचे झाले होते आणि ओळखीच्या गोष्टीला ओलांडून पुढे जाता येतं.

आज मी वाळवा तालुक्यात तलाठी आहे. बाई धाकट्या मुलाकडे पुण्याला एका उंच इमारतीत असतात आणि फोनवर तक्रार करतात की या घराला वासच नाही, इथं नातवाचा अभ्यास व्हायचा कसा. सुनेनं सुगंधी मेणबत्ती आणली तर म्हणे, "ती मेणबत्ती काय सांगती त्ये तिलाच कळत न्हाई." गिरणी दुसऱ्यांनी घेतली आहे. अभ्यासिका चालू आहे, आता तिथं एसी बसलाय आणि मुली दिवाळीच्या दिवसांतही अभ्यास करतात, असं मावशी सांगते. पण मला लिहायचं होतं ते माझ्या परीक्षेच्या दिवसाबद्दल.

परीक्षेचं केंद्र सांगलीत आलं. मी ठरवून टाकलं होतं की सकाळच्या गाडीनं जायचं, पेपर द्यायचा आणि घराकडे न वळता संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. पुस्तकातल्या वासाशी माझी तडजोड झाली होती, घराशी झाली नव्हती. सुपात पुस्तक मावतं, घर मावत नाही. बाई म्हणाल्या की त्यांनाही सांगलीत हळकुंडं घ्यायची आहेत, गिरणीत दळायला. कोरेगावात हळकुंडं मिळत नाहीत असं नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघी गाडीत बसलो. मी पेपर दिला. संगणकाच्या त्या थंडगार खोलीत कसलाच वास नव्हता. नाकाची एवढी तालीम करून गेलेल्या मला ते जरा फसवल्यासारखंच वाटलं. पण डोकं जागेवर होतं, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत. बाहेर आले तेव्हा पेपर चांगला गेलाय हे मला कळलेलं होतं.

बाई फाटकाशी हळकुंडांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पेपर कसा गेला हे विचारलं नाही. चहा प्यायचाय म्हणाल्या. मी समोरच्या टपरीकडे निघाले तर म्हणाल्या, टपरीचा नको, तुझ्या घरचा. मी नाही म्हणाले. खरं कारणही सांगितलं, की तिथं उंबऱ्यातच वास येतो. त्या म्हणाल्या, मग तर मला बघितलंच पाहिजे, आणि रिक्षात जाऊन बसल्या.

दार उघडंच होतं. आई आत फरशी पुसत होती. मावशीनं तिला फोनवर माझ्या पेपरचं सांगितलं होतं, मी आलेच तर असावं म्हणून ती पुसत होती. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तो आला. मी मागे सरून बाईंना म्हणाले, बघा, येतोय की नाही.

"कसला?" त्यांनी विचारलं.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. आई हातात ओलं फडकं घेऊन माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, फिनेल. बाई म्हणाल्या, त्याच्या खालचा सांग. मी शोधलं. नव्या रंगाचा होता. उदबत्तीचा होता. सकाळच्या फोडणीचा होता, लसणाचा. मागच्या गोदामाची हळद होती. मी कोपऱ्यांकडे गेले, माळ्याखाली उभी राहिले, कपाट उघडून त्यात डोकं घातलं. मातकट नव्हता. कुबट नव्हता. कुठंच काही नव्हतं. मी परत येऊन म्हणाले, नाही. फक्त फिनेल आहे.

आई पाटावर बसली. मग तिनं सांगितलं की मी घरात असले किंवा येणार असं कळलं की ती दोनदोनदा फिनेलनं पुसून काढायची, मला वास येऊ नये म्हणून. एरवी ती नुसत्या पाण्यानं पुसायची. सगळं शहर ज्यानं धुतलं होतं तेच माझ्या नाकात पूर होऊन बसलं होतं, आणि माझी आई दर खेपेला ते माझ्यासाठी उंबऱ्यापासून ओतत होती. तिच्या हाताची सालं फिनेलनं निघालेली मला तेव्हा दिसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मी बी ह्येच केलं हुतं, ताई," बाई तिला म्हणाल्या. "दवणा लावला हुता हिला. मायेनं केलं की आसंच हुतंय."

आईनं चहा टाकला, बाईंना थालीपीठ करून वाढलं. बाई खाताना आईशी पिठाबद्दल बोलत राहिल्या, भाजणीत धणे कमी पडलेत वगैरे. दोघी खूप जुन्या ओळखीच्या असाव्यात तशा बोलत होत्या. मी पाय पसरून भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचं बोलणं ऐकत होते. त्या घरात मी अशी कधीपासून बसले नव्हते. गाडीची वेळ झाली तेव्हा मी उठून पिशवी खांद्याला लावली. बाईंनी पिशवी माझ्या खांद्यावरून काढून परत खुंटीला अडकवली.

मी म्हणाले, मावशी वाट बघेल, माझे कपडे तिकडे आहेत, पुस्तकं आहेत. त्या म्हणाल्या की कपडे मेजर आणून देतील, पुस्तकांचं आता काय काम. "तू ऱ्हा," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या. मी स्टेशनपर्यंत येते म्हणाले तर तेही नको म्हणाल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग हळकुंडांची पिशवी काखेला मारून त्या रिक्षात बसल्या आणि रिक्षा गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

मी दारातच उभी होते. बाबांचीही यायची वेळ झाली होती. आतून आईनं विचारलं, भात किती जणांचा टाकू.

मी म्हणाले, तिघांचा.